सॅम्पल मिसळलं की स्नेअर जाड व्हायच्या ऐवजी पातळ का होतो, आणि एकदा जुळवलं तरी परत का बिघडतं

मेटलच्या मिक्समध्ये खऱ्या ड्रमच्या रेकॉर्डिंगखाली सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला तयार ड्रमचा आवाज, मिसळताना लक्षण नेहमीचंच आहे. खरा स्नेअर सोलो केला तर ठीकठाक, सॅम्पल सोलो केलं तर एकदम कडक, आणि दोन्ही फेडर वर केले की मधला भरीव आवाजच गायब, वर नुसता टक् उरतो आणि खाली पोकळ. चार डिस्टॉर्टेड गिटार आणि बेस चालू असताना तर स्नेअर आहे कुठे हेच शोधावं लागतं. मग हात आपोआप इक्यूकडे जातो, २०० हर्ट्झला ४ डीबी, मग ६ डीबी, मग कॉम्प्रेसर, मग दुसरं सॅम्पल, मग तिसरं, आणि रात्र त्या फोल्डरमध्येच जाते. त्यातलं एकही सॅम्पल वाईट नसतं हो. दोन सिग्नल एकमेकांना खातायत, आणि जे खाल्लं गेलंय ते इक्यूने वर येत नाही कारण वर आणायला तिथे काही उरलेलंच नाही.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं, ट्रॅक जरा पुढेमागे सरकवला की बरं वाटतं हेही माहीत असतं. खरा वैताग त्याच्या पुढचा आहे. कोरसला जुळवलं की व्हर्समध्ये परत पोकळ, किंवा एकाच भरावात (फिलमध्ये) दोन हिट जाड आणि तिसरा पातळ, किंवा आज सगळं नीट करून सेव्ह केलं आणि दोन दिवसांनी सेशन उघडलं तर जैसे थे. म्हणून कुठे बघायचं आणि कुठल्या क्रमाने बघायचं ते लिहितोय.

आधी आकडे, कारण आकडे कळले की किती झूम करायचं ते कळतं. दोन सारखे आवाज १ मिलीसेकंदाने मागेपुढे झाले तर पहिला खड्डा, म्हणजे जिथे आवाज खाल्ला जातो ती जागा, ५०० हर्ट्झला पडतो, मग १५००, मग २५०० असे पुढचे. २ मिलीसेकंद झाले तर पहिला खड्डा २५० ला, अडीच झाले तर २०० ला, म्हणजे बरोब्बर तिथे जिथे बऱ्याच स्नेअरचा मूळ सूर बसलेला असतो. ४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये १ मिलीसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल पॉइंट (डिजिटल आवाजाची एकेक मोजणी), ४४.१ ला साधारण ४४. त्यामुळे स्क्रीनवर आख्खा कोरस दिसतोय एवढ्या झूमवर "दोन्ही ट्रान्झियंट (हिटची पहिली तीक्ष्ण उडी) एका रेषेत आहेत की" म्हणण्याला काही अर्थ नाही, तिथे ३ मिलीसेकंद म्हणजे एक पिक्सेलसुद्धा नाही. एक हिट पूर्ण स्क्रीनभर होईल इतकं आत जायचं.

आणि कानाआधी मीटरला विचारायचं. खरा स्नेअर आणि सॅम्पल सारख्या लेव्हलला आणा, दोन्ही एका बसवर (एकत्र चॅनलवर) टाका, बसवर तात्पुरता बँडपास लावा, १५० ते २५० च्या मध्ये. आता सॅम्पल म्यूट-अनम्यूट करून बघा. दोन सिग्नल पूर्ण जुळले तर ६ डीबी वाढायला हवेत, पण हे दोन वेगळे ड्रम आहेत तेव्हा तेवढे येणार नाहीत, ३-४ आले तरी खूश व्हायचं. दोघांच्या फेजमध्ये, म्हणजे लाट आपल्या चक्रात कुठे आहे त्यात, फरक १२० अंशांचा असेल तर बेरीज एकट्या ट्रॅकएवढीच येते, म्हणजे सॅम्पल लावलंय आणि मीटर हलतच नाही. त्याच्याही पुढे गेलं तर सॅम्पल लावल्यावर मीटर खाली येतो. तो खाली आला की वाद संपला, तोपर्यंत इक्यू उघडायचाच नाही.

पोलॅरिटी, म्हणजे लाट वर-खाली उलटवणं, हे सगळ्यात स्वस्त काम, एक बटण. स्नेअरच्या वरच्या माइकचं बघा, काठी पडते तेव्हा वरचं कातडं माइकपासून दूर जातं, त्यामुळे वेव्हफॉर्मची पहिली मोठी उडी सहसा खाली असते. खालच्या माइकवर उलट, कातडं माइककडे येतं, पहिली उडी वर. म्हणून खालचा माइक फ्लिप करायची पद्धत आहे. किकच्या पुढच्या बाजूच्या माइकवरही पहिली उडी वर दिसते. आता सॅम्पलवाल्यांनी त्यांच्या फायलीत काय करून ठेवलंय याचा काही नेम नसतो, वरचा-खालचा माइक, रूम, क्लिपर, सगळं एकत्र छापलेलं असतं, कुणी शेवटी वरच्या दिशेने ठेवतं कुणी नाही. तेव्हा फाइलचं नाव बघून काही ठरवू नका, पहिली मोठी उडी बघा. आणि फक्त पहिली ट्टिक करणारी बारीक रेघ नको, तिच्या मागून येणारी जाड लाट बघा, अंग त्या लाटेत असतं. रेघ जुळली आणि लाट उलटी, असं भरपूर वेळा सापडतं.

मग सरकवणं. इथे एक युक्ती आहे जी मला सरळ ऐकत बसण्यापेक्षा जास्त पटते. सॅम्पलची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा, आणि ट्रॅक ५-५ पॉइंट सरकवत आवाज सगळ्यात भिकार, सगळ्यात पोकळ कुठे होतो ती जागा शोधा. सगळ्यात जाड जागा कानाला पटकन सापडत नाही, तीन-चार जागा सारख्याच बऱ्या वाटतात, पण सगळ्यात पोकळ जागा एकच असते आणि ती लगेच कळते. सापडली की पोलॅरिटी परत सुलटी करा. झालं. मोनोमध्ये करा, एका स्पीकरवर आणि हळू आवाजात, मोठ्या आवाजात सगळंच जाड वाटतं.

आता मूळ तक्रारीकडे, की हे सगळं करूनही परत का बिघडतं.

पहिलं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे डिटेक्शन. ट्रिगर प्लगिन (खऱ्या हिटवर सॅम्पल वाजवणारं) एका ठराविक थ्रेशोल्डची, म्हणजे लेव्हलच्या मर्यादेची, वाट बघत बसलेलं असतं. जोरात मारलेल्या हिटची लाट सरळ उभी चढते, थ्रेशोल्ड लगेच ओलांडते. हळू हिटची लाट तोच थ्रेशोल्ड जरा उशिरा ओलांडते, कधीकधी तर पहिल्या लाटेवर ओलांडतच नाही, दुसऱ्या लाटेवर ओलांडते. झाला घोटाळा. कोरसमध्ये ड्रमर जीव खाऊन मारतोय, तिथे तुम्ही ट्रॅक सरकवून पॉइंटवर पॉइंट जुळवलात, आणि व्हर्समध्ये तोच सॅम्पल ट्रॅक प्रत्येक हिटला वेगळा उशीर करतोय. समजा व्हर्सचा एक हिट ४८ किलोहर्ट्झवर ९६ पॉइंट मागे पडला, तर ते झाले २ मिलीसेकंद, पहिला खड्डा २५० ला. पुढचा हिट ३० पॉइंट मागे, तो बऱ्यापैकी जाड. ऐकणाऱ्याला वाटतं ड्रमर एकसारखं मारत नाहीये, आणि तो बिचारा व्यवस्थित मारतोय.

प्लगिनच्या आतच हिट-टू-हिट फरक पडत असेल तर ट्रॅक सरकवून तो कधीच जाणार नाही, कारण सरकवणं सगळ्या हिटना सारखं लागतं. तेव्हा आधी सॅम्पल ट्रॅक ऑडिओ म्हणून रेंडर करा. लाइव्ह इन्सर्टवर प्लगिन ठेवून काहीच दिसत नाही, रेंडर केलं की खऱ्या ट्रॅकच्या खाली ठेवून बघता येतं. एक जोरातला हिट, एक मधला, एक हळू, असे तीन प्रकार बघा. तिन्हीत अंतर सारखं असेल तर नशीब चांगलं, एकदा सरकवा आणि पुढे जा. वेगवेगळं असेल तर थ्रेशोल्ड खाली आणून बघा, पण तो खाली आणला की स्नेअरच्या माइकमध्ये शिरलेला हाय-हॅटचा आवाज (ब्लीड) ट्रिगर व्हायला लागतो, म्हणून ट्रिगरला जाणारा सिग्नल वेगळा करा. स्नेअरचा ट्रॅक डुप्लिकेट करा, त्याला आउटपुटला जाऊ देऊ नका, त्यावर हाय-हॅट मरेल इतका लो-पास, जरासं गेट, वाटल्यास हाताने कापून दोन हिटच्या मधली सगळी जागा रिकामी. कुरूप वाजला तरी चालेल, तो कुणी ऐकणार नाहीये. फक्त त्या फिल्टरमुळे लाट थोडी उशिरा चढते हे लक्षात ठेवा, पण तो उशीर बऱ्यापैकी सगळ्या हिटना सारखा असतो आणि सारखा उशीर हा प्रश्नच नाही.

माझं मत विचाराल तर स्नेअरसाठी लाइव्ह ट्रिगरच्या भानगडीत फार पडू नये, मिडी (कुठला हिट कधी आणि किती जोरात याची नोंद) काढावं. सुपीरिअर ड्रमर ३ मध्ये ट्रॅकर आहे, तो ऑडिओ फाइल बसून वाचतो आणि मिडी काढून देतो, क्युबेसमध्ये हिटपॉइंट आहेत, प्रो टूल्समध्ये टॅब टू ट्रान्झियंट, रीपरमध्येही टॅब दाबून ट्रान्झियंटवरून ट्रान्झियंटवर जाता येतं. मिडी नोट डोळ्यांना दिसते आणि चुकीची असली तर उचलून हलवता येते, हा त्यातला सगळा फायदा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एका गाण्यात स्नेअरचे हळू हिट तेवढे हाताने तपासायचे म्हटले तर तासाभराचं काम असतं, आणि ते एकदाच.

एक सावधगिरी मात्र, सगळ्या डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये) मिडी नोट सॅम्पल पॉइंटइतक्या बारीक जागेवर बसेलच असं नाही, ग्रिड टिकमध्ये असतो. तेव्हा मिडीवरूनही शेवटी ऑडिओ रेंडर करून एकदा डोळ्यांखालून घालाच.

दुसरं कारण सॅम्पल फायलींच्या आतलं. राउंड रॉबिनच्या (एकाच हिटच्या, आळीपाळीने वाजणाऱ्या) सहा फायली ओळीने टाइमलाइनवर टाका आणि झूम करून बघा. फुकटच्या पॅकमध्ये तर हमखास, एकीत सुरुवातीला २० पॉइंट शांतता, दुसरीत ११०, तिसरी अशी कापलेली की अर्धा ट्रान्झियंटच गेलाय. मग प्लगिन प्रत्येक हिटला वेगळी फाइल वाजवणार, आणि तुमचं अंतर प्रत्येक वेळी वेगळं, डिटेक्शन कितीही अचूक असो. फायली एकदा हाताने ट्रिम करून, सगळ्यांची पहिली लाट एका ठिकाणी आणून, सगळ्यांची दिशा एक करून परत सेव्ह करायच्या. ज्या व्हेलॉसिटी लेयरवर (ठराविक जोराच्या हिटच्या फायलींवर) भरोसा नाही तो काढून टाकायचा. नेहमी वापरायच्या चार-पाच स्नेअरवर हे एकदा करून ठेवलं की पुढच्या प्रत्येक गाण्यात डोकं शांत राहतं.

आणि फाइलचा सॅम्पल रेटही बघा. ४४.१ ची फाइल ४८ च्या सेशनमध्ये रूपांतर न होता वाजली तर जवळपास दीड सेमीटोन वर जाते. सॅम्पलर बहुतेक वेळा स्वतःच बदलून घेतो, पण नुसती ओढून टाइमलाइनवर टाकलेली फाइल, आणि इम्पोर्टच्या वेळी "कन्व्हर्ट" ची टिक करायची राहिलेली, की झालं.

तिसरं म्हणजे क्रम. ट्रिगर आधी आणि एडिटिंग नंतर, हा क्रम घातक आहे. सॅम्पल ट्रॅक छापून झाला, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दुसऱ्या ब्रेकडाउनमध्ये (गाण्याच्या संथ, जड भागात) ड्रम्स मागे आहेत, मग ड्रम ग्रुप निवडून क्वांटाइझ केलं (हिट ग्रिडवर ओढले), आणि सॅम्पल ट्रॅक त्या ग्रुपमध्ये नव्हताच. सगळीकडे ५-१० मिलीसेकंदांचे घोळ, काही ठिकाणी तर चक्क फ्लॅम, एका काठीचे दोन आवाज. एडिटिंग पूर्ण संपवायचं, क्रॉसफेड करून, सगळं जोडून एकसंध फाइल करायची आणि मगच ट्रिगर.

दोन दिवसांनी सेशन उघडल्यावर बिघडलेलं सापडतं त्याचं कारण मात्र बऱ्याचदा लेटन्सी, म्हणजे प्रोसेसिंगने पडणारा उशीर, असते. मध्येच व्होकलचा एक टेक घेतला, त्यासाठी लॉजिकमधला लो लेटन्सी मोड किंवा क्युबेसमधलं कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन चालू केलं आणि बंद करायचं राहिलं. किंवा पॅरलल बसवर लिनियर फेज इक्यू आला, लूकअहेडवाला लिमिटर आला. डीएडब्ल्यू हे सगळं भरून काढतो असं आपण धरून चालतो आणि बहुतेक वेळा काढतोही, पण साइडचेन, बाहेरचं हार्डवेअर, किंवा आपली लेटन्सी खोटी सांगणारं एखादं प्लगिन मध्ये आलं की गणित चुकतं. तपासायला सोपं आहे, एक क्लिक दोन्ही रस्त्यांनी पाठवा, दोन्ही रेकॉर्ड करा, पॉइंट मोजा.

यापुढचं कारण बरेच जण बघतच नाहीत. साधा हाय-पास (खालचा भाग कापणारा) फिल्टरसुद्धा फेज फिरवतो. २४ डीबी पर ऑक्टेव्हचा हाय-पास त्याच्या कटऑफला १८० अंश फिरवतो, १२ वाला ९० अंश. आता खऱ्या किकवर ६० हर्ट्झला २४ चा हाय-पास लावलाय, "खालचा सगळा भाग सॅम्पल देणार" म्हणून, आणि सॅम्पलचा मूळ सूर ६० लाच आहे. म्हणजे तिथे दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट, आणि टाइमलाइनवर मात्र दोन्ही ट्रान्झियंट हातात हात घालून उभे दिसतात कारण एडिट विंडोत इक्यूच्या आधीचा आवाज दिसतो. अशावेळी फिल्टर दोघांच्या बसवर न्या, नाहीतर फिल्टर लावल्यानंतर परत पोलॅरिटी तपासा. प्रत्येक वेळी. हाय-पास हलवला की परत.

किकचं गणित स्नेअरपेक्षा वेगळं आहे म्हणून थोडं सविस्तर. ६० हर्ट्झची एक लाट साडेसोळा मिलीसेकंदांहून जरा लांब, त्यामुळे अर्ध्या मिलीसेकंदाच्या फरकाने खालच्या भागाला काही होत नाही. पण मेटलमध्ये किकचा अर्धा जीव वरच्या क्लिकमध्ये असतो, आणि ४ किलोहर्ट्झला अर्धी लाट म्हणजे ०.१२५ मिलीसेकंद, ४८ वर फक्त ६ पॉइंट. इतकं अचूक प्रत्येक हिटला जुळवणं शक्य नाही, आणि जुळवूही नये. क्लिक कोणाची हे ठरवून टाका. मी ती सॅम्पललाच देतो आणि खऱ्या किकला २ किलोहर्ट्झच्या वर बंद करतो, कारण २०० बीपीएमच्या डबल बासमध्ये (दोन्ही पायांनी वाजणाऱ्या किकमध्ये) खऱ्या पायाची क्लिक कधीच एकसारखी येत नाही, माणूस आहे, पाय दमतात. दोघांनाही क्लिक ठेवलीत तर कधी चटका कधी भुसा असं ऐकू येणारच.

त्याच किकमध्ये दुसरं दुखणं शेपटीचं. २०० बीपीएमला सोळाव्या नोट्स म्हणजे दोन हिटमध्ये ७५ मिलीसेकंद, २४० ला साडेबासष्ट. सॅम्पलची शेपटी ३०० मिलीसेकंदांची असेल तर एका वेळी चार किक एकमेकांवर वाजतायत, खाली चिखल, आणि तो बेसशीही भांडतो. सॅम्पलरमध्ये एकच आवाज वाजेल असा मोड लावा म्हणजे नवा हिट आला की जुना गप्प, किंवा रिलीज कापून शेपटी ७०-८० पर्यंत आणा. मंद भागात मोठी किक हवी असेल तर तिथे वेगळा ट्रॅक, सगळ्या गाण्याला एकच सेटिंग चालत नाही. आणि रीट्रिगरचा वेळ (एका हिटनंतर प्लगिन पुढचा हिट धरायला थांबतं तो) या अंतराच्या बराच खाली, ३०-४० मिलीसेकंद, नाहीतर प्लगिन वेगवान भागात मधले हिट गिळतं आणि तुम्ही ड्रमरला शिव्या देता. फार खाली नेलात तर एका हिटचे दोन होतात, तेही बघायचं.

सूर जुळवणं. वेळ, पोलॅरिटी, फिल्टर सगळं बरोबर आणि तरीही स्नेअरच्या शेपटीत एक गुळगुळीत थरथर, तर खऱ्या स्नेअरचा सूर आणि सॅम्पलचा सूर वेगळा आहे. ॲनलायझरमध्ये दोघांचं सगळ्यात खालचं उंच शिखर बघा. खरा १९० ला आणि सॅम्पल २१३ ला असेल तर सॅम्पल दोन सेमीटोन खाली. याच्यापेक्षा जास्त खाली ओढावं लागत असेल तर दुसरं सॅम्पल घ्या, चार-पाच सेमीटोन ओढलं की पुठ्ठ्यावर मारल्यासारखं वाजतं.

ओव्हरहेडचं (किटच्या वर लावलेल्या माइकचं) काय, हा प्रश्न येतोच. आवाज १ मीटर जायला साधारण २.९ मिलीसेकंद घेतो, त्यामुळे स्नेअर ओव्हरहेडमध्ये ३ मिलीसेकंद उशिरा पोचतो, रूम माइकमध्ये त्याहून बराच. काहीजण ओव्हरहेड ओढून स्नेअरशी जुळवतात. मला ते आवडत नाही, किट सपाट होतं आणि टॉम, किक यांची अंतरं भलतीच होतात. त्यापेक्षा ओव्हरहेडला ३०० ते ५०० च्या आसपास हाय-पास, मेटलमध्ये तसंही ते सिंबलसाठीच ठेवलेले असतात, मग स्नेअरच्या अंगाशी भांडायला त्यांच्याकडे खालचं काही उरत नाही. किक किंवा स्नेअर शंभर टक्के सॅम्पलने बदललात तरी हा भाग सुटत नाही, कारण ओव्हरहेड आणि रूममध्ये खरा ड्रम आहेच.

मशीनगनचा प्रश्न याच घरातला वाटतो पण नाही, तो फेजचा नाही. ब्लास्ट बीटमध्ये (अतिवेगवान सलग हिट) प्रत्येक हिटला १२७ व्हेलॉसिटी आणि एकच फाइल, की टाइपरायटर झाला. निम्मे लोक इथे व्हेलॉसिटी १०५ ते १२० मध्ये रँडम करतात, ठीक आहे, पण २४० बीपीएमला हात दर सव्वाशे मिलीसेकंदांनी खाली येतोय, तिथे कुणीही माणूस ब्रेकडाउनच्या जोराने मारू शकत नाही. ब्लास्टसाठी हलक्या हिटचे लेयरच वापरा आणि आवाज फेडरने वाढवा. घोस्ट नोट्सना (स्नेअरचे अगदी हळू हिट) सॅम्पल लावूच नका, त्या खऱ्या माइकवर सोडा, ट्रिगरचा थ्रेशोल्ड त्यांच्या वर ठेवला की झालं. हळू हिटच्या उशिराचा अर्धा त्रास त्यानेच कमी होतो.

टॉमला मिसळत बसायची गरज मला क्वचितच वाटते. गाण्यात हिट मोजके असतात, ट्रॅक हाताने कापायचा, मधलं सगळं रिकामं करायचं, कारण फ्लोअर टॉम डबल बासच्या जोडीने सतत घुमत असतो आणि लो-एंडचा निम्मा चिखल तोच असतो. मग हवं तिथे सॅम्पल हाताने ठेवायचं, पहिली लाट पहिल्या लाटेवर, आणि ते फ्लोअर टॉमसाठी तेवढं, रॅक टॉमना सहसा नुसता क्लोज माइक पुरतो.